बाईंच्या प्रबंधातल्या दोनशे अकरा चुका

३ जून, सोमवार

नवीन वही. या वहीत फक्त सूड लिहायचा. गुडघा, दूध, घरातली भांडणं वगैरे जुन्या वहीत.

आज नवीन मुख्य ग्रंथपाल बाई रुजू झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मी दोन वर्षं चार महिने प्रभारी म्हणून बसलो होतो. तिचा डावा हात मी स्वतः फेविकॉलने चिकटवला होता. आयत्या बिळावर नागोबा.

मुलाखतीचं मनातून जात नाही. तुमचं स्वतःचं प्रकाशित लेखन काय, असं समितीने मला विचारलं. मी म्हणालो, तयारीत आहे. पुस्तकाच्या पाठीवर लेबल लावण्याच्या इतिहासावर. किती दिवस तयारीत आहे म्हणाले. मी खरं सांगितलं, एकोणीस वर्षं. तिथेच घोडं अडलं. बाईंनी मात्र वीस मिनिटं पडद्यावर आकडेवारीची रंगीत वर्तुळं दाखवली.

याच बाई चौदा वर्षांपूर्वी इथे शिकाऊ म्हणून आल्या होत्या. लेबल सरळ कसं लावायचं ते मी शिकवलं. आज सगळ्यांसमोर मला सर म्हणाल्या. भर सभेत जोडा मारला असता तरी इतकं लागलं नसतं.

डिसेंबरमध्ये समिती बसून यांना कायम करायचं की नाही ते ठरवणार आहे. नाही केलं तर खुर्ची पुन्हा प्रभारीकडे, म्हणजे माझ्याकडे. हातात सहा महिने आहेत. संकल्प: बाईंशी कामापुरतंच बोलायचं. एक शब्दही जास्त नाही.

४ जून, मंगळवार

बाईंशी पाऊण तास बोललो. त्यांनीच गुडघ्याचं विचारलं. एक्स-रेपर्यंत सगळं सांगावं लागलं. मन लावून ऐकत होत्या. बाई धोकादायक आहे.

संकल्प उद्यापासून.

१० जून, सोमवार

सभा. बाईंनी नवीन धोरण जाहीर केलं. विद्यापीठात होणारं सगळं संशोधन यापुढे खुलं. लेख, अहवाल, जुने प्रबंध, सगळं स्कॅन करून डिजिटल भांडारात ठेवायचं. जगात कुणीही, कुठूनही, फुकट वाचावं. ज्ञान कुलपात ठेवायचा आपण पगार घेत नाही, म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण अगदी हळू. कुणाच्या लक्षात आलं नाही.

भांडाराचं काम माझ्याकडे दिलं. टेबल तळमजल्यावर, पुस्तकं परत घेण्याच्या खिडकीशेजारी. बाहेरून लोक पेटीत पुस्तकं टाकतात आणि ती माझ्या कानाशी धप्प करून पडतात. माणसाला कुठे बसवलं म्हणजे तो खचेल, याचा बाईंनी पुरेपूर विचार केलेला दिसतो.

दुपारी तीन. धप्प. शब्दकोश होता. आणि त्या आवाजाबरोबर डोक्यात कल्पना पडली. जुने प्रबंध. बाईंचा प्रबंधही याच विद्यापीठाचा.

११ जून, मंगळवार

तळघरात गेलो. सापडला. हिरवं बाइंडिंग, तीनशे बारा पानं. विषय: विद्यापीठांच्या ग्रंथालयांत संशोधनपत्रिकांचा वापर कसा मोजावा. धूळ जशीच्या तशी. नऊ वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

उभ्याउभ्याच उघडला. पान नऊवर चूक. पान अकरावर संदर्भाला साल नाही. पान बारावर दोन. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

बेत पक्का. बाईंच्याच नियमाने पहिला प्रबंध बाईंचाच खुला करायचा. जग वाचेल, जग हसेल. मी शांतपणे एकेक चूक टिपून ठेवीन आणि डिसेंबरमध्ये यादी निनावी समितीकडे पाठवीन. काट्याने काटा काढायचा.

घरी आल्यावर बायकोला फक्त एवढंच सांगितलं की आता काही दिवसांत मजा येणार आहे. ती म्हणाली, आधी गिझरवाल्याला फोन करा.

१३ जून, गुरुवार

एक अडचण होती. प्रबंध खुला करायला लेखकाचं संमतीपत्र लागतं. बाई नाही म्हणणार, आपली लाज राखणार, याची खात्री होती. त्यांना कोंडीत पकडायला चार मुद्दे लिहून नेले होते.

बाई म्हणाल्या, अय्या सर, माझा? तो कोण वाचणार आहे? आणि सही करून मोकळ्या झाल्या. चारही मुद्दे खिशातच राहिले. मुद्दे वाया गेल्याचं वाईट वाटलं. पण उंदीर आपल्या पायांनी पिंजऱ्यात आला.

१८ जून, मंगळवार

चार दिवस स्कॅनिंग. स्वतः केलं. विश्वास कुणावर ठेवायचा नाही. पान २०४ वर माझा अंगठा आलाय. परत करायचा कंटाळा आला. असू दे.

१९ जून, बुधवार, सकाळी ११:४०

प्रबंध भांडारात चढवला. पानाच्या खाली छोटा आकडा असतो, कितीदा उघडला गेला त्याचा. आत्ता शून्य.

संध्याकाळी ५:३०

सहा. नीट चढलाय ना, बघायला मी पाच-सहा वेळा उघडला, तेवढ्या वेळात जगानेही सहा वेळा उघडला. पहिल्याच दिवशी. बदनामीला पाय असतात म्हणतात ते खरं आहे.

२४ जून, सोमवार

कामाची पद्धत ठरवली. प्रबंधाची फाइल माझ्या मशीनवर ठेवायची नाही. उद्या चौकशी झाली तर पुरावा नको. म्हणून दर वेळी भांडारातूनच उघडायचा. कुणी आलं की पटकन बंद. गेलं की पुन्हा उघडायचा. खिडकीशी दर पाच मिनिटांनी कुणीतरी येतंच. आज पान चौदापर्यंतच पोचलो. पण गुप्तता शंभर टक्के. अशी सावधगिरी बाळगायला डोकं लागतं.

चुका टिपायला पुस्तकांच्या नोंदींची जुनी तालिका-कार्डं घेतली. कॉम्प्युटर आल्यापासून कोरी चाळीस हजार कार्डं कपाटात पडून आहेत. एका कार्डावर एक चूक. वर पान आणि ओळ, मधे चूक, खाली दुरुस्ती. एकतीस वर्षं हेच केलंय, हात आपोआप चालतो. विचारही करावा लागत नाही.

८ जुलै, सोमवार

आकडा एकशे त्रेचाळीस. कार्डं सव्वीस.

न राहवून बायकोला सगळं सांगितलं. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या रक्तात दोष शोधते आणि घरी आल्यावर माझ्यात. ती म्हणाली, असलं रूक्ष पुस्तक एवढे लोक कशाला वाचतील? मी म्हणालो, वाईट गोष्टी लोक आवडीने वाचतात. ती म्हणाली, म्हणून तुम्ही वाचताय होय.

या बाईला संशोधनातलं काही कळत नाही.

१५ जुलै, सोमवार

एक निरीक्षण. शनिवारी संध्याकाळी आकडा दोनशे सात होता. आज सकाळीही दोनशे सात. गेल्या रविवारीही असंच. म्हणजे हे वाचक नोकरदार आहेत. रविवारी सुट्टी घेतात आणि सोमवारी सकाळी माझ्यासारखेच कामाला लागतात. गंभीर मंडळी दिसतात. अशा लोकांसमोर बाईंची छी थू होतेय याचं विशेष समाधान.

लेबलच्या इतिहासाचा लेख या आठवड्यात सुरू करायचा. शीर्षक ठरलेलं आहेच.

२९ जुलै, सोमवार

पाच दिवस तापाने घरी होतो. आज येऊन पाहतो तर आकडा जागचा हललेला नाही. दोनशे नव्वद म्हणजे दोनशे नव्वद. पाच दिवसांत अख्ख्या जगात एकालाही वाचावंसं वाटलं नाही?

अर्थ उघड आहे. मी नाही असं पाहून बाईंनी आकडा दाबला.

सिस्टिमवाल्याला आडून विचारलं. हा माणूस दुसऱ्या मजल्यावर थंड खोलीत सर्व्हरबरोबर राहतो. मी म्हणालो, काही आकडे थांबतात, नाही का? तो म्हणाला, कुणी उघडलं नाही की थांबतात. मी म्हणालो, समजलं. त्याच्या डोळ्यांत दोन सेकंद पाहिलं. तो घाबरला असावा, कारण तो लगेच जेवायला गेला.

संध्याकाळपर्यंत आकडा एकोणीसने वाढला. निरोप वरपर्यंत पोचला आणि दाब सुटला. चोराच्या मनात चांदणं.

१२ ऑगस्ट, सोमवार

प्रकरण पाच. नुसता कोंडा. पान १३२, ओळ ९ वर हे वाक्य आहे: एकाच यंत्रावरून तेच साहित्य वारंवार उघडले गेल्यास आकडा फुगतो व तो वाचकसंख्या म्हणून धरता येत नाही. एवढं लांबलचक वाक्य आणि शेवटी पूर्णविराम नाही. कार्ड क्रमांक ९४.

वाचताना पाच वेळा माणसं आली. पाच वेळा बंद, पाच वेळा सुरू. एका पूर्णविरामासाठी किती कष्ट, ते समितीला कसं कळणार.

२ सप्टेंबर, सोमवार

बाई खाली आल्या. पेटीजवळ दोन मिनिटं उभ्या राहिल्या. तेवढ्यात तीन पुस्तकं पडली. म्हणाल्या, सर, इथे तुम्हाला त्रास होतोय. वर संदर्भ विभागात खिडकीजवळची जागा रिकामी आहे, तिथे बसा. गुडघ्यालाही बरं, लिफ्ट समोर आहे.

ही सरळ सरळ लाच आहे. मी म्हणालो, मी इथेच बरा आहे. मान ताठ ठेवून म्हणालो. त्या गेल्यावर विश्वकोशाचा खंड पडला.

संदर्भ विभागातली ती जागा छान आहे. ऊन येतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

१७ सप्टेंबर, मंगळवार

एक प्राध्यापक खिडकीशी आले. अर्थशास्त्राचे. भांडारात खुल्या ठेवलेल्या लेखांचा परिणाम कसा मोजायचा, असं विचारत होते. मी त्यांना वीस मिनिटं समजावलं. उघडणं वेगळं, वाचणं वेगळं, वापरणं वेगळं. तीन पायऱ्या. उदाहरणासकट. प्राध्यापक थक्क झाले. म्हणाले, तुम्ही हे लिहून का काढत नाही?

फार बरं वाटलं. मुलाखतीत अगदी हेच सांगायला हवं होतं.

चहा पिताना लक्षात आलं. तीन पायऱ्या म्हणजे पान ७४ ते ७९. उदाहरणही तिथलंच.

चहा गार झाला. शत्रूचं शस्त्र हाताळून पाहिलं, एवढंच त्यात झालं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज एकही कार्ड नाही. पान २०१ ते २१६. तीनदा वाचली. चूक नाही. माझ्या अंगठ्यामुळे दोन ओळी दिसत नाहीत, त्यात असेल.

या पानांवर बाईंनी लहान कॉलेजांतल्या ग्रंथपालांच्या हकिगती दिल्या आहेत. संशोधनपत्रिका परवडत नाहीत म्हणून वाचकाला हात हलवत परत पाठवावं लागतं. एक जण ओळखीच्या माणसाला पत्र लिहून लेख मागवतो आणि स्वतः हाताने उतरवून देतो. मीही एके काळी दोनदा तसं केलं होतं.

सोळा पानं सलग निर्दोष. मुद्दाम केलेलं दिसतंय. उद्यापासून अधिक कडक.

७ ऑक्टोबर, सोमवार

आकडा एक हजार बारा.

भांडाराचा मासिक अहवाल मीच करतो. सर्वाधिक उघडलेलं साहित्य या मथळ्याखाली बाईंच्या प्रबंधाचा आकडा ठळक टाइपात टाकला आणि स्वतः नेऊन दिला. चेहरा बघायचा होता. बाई बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, सर, हा आकडा जरा तपासायला हवा. मी म्हणालो, अवश्य तपासा. दुसऱ्या नंबरवर विहिरींच्या पाण्याचा अहवाल आहे, त्याचा आकडा एकेचाळीस.

जिना उतरताना गुडघा दुखलाच नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. नोकरीनिमित्त ती दुसऱ्या गावी असते. आईने तिला सगळं सांगितलेलं दिसतंय. ती म्हणाली, बाबा, चार महिने तू एकाच बाईचं एकच पुस्तक रोज वाचतोयस, याला सूड म्हणत नाहीत. मी विचारलं, मग काय म्हणतात? ती म्हणाली, फॅन.

फोन तिच्या आईकडे दिला. मुलांना फार शिकवू नये.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संपलं. दोनशे अकरा चुका, दोनशे अकरा कार्डं. पानांच्या क्रमाने लावली, दोरा ओवला, गाठ मारली. हातात घेतली तेव्हा चांगलीच जाड लागली. आयुष्यात इतकं मोठं काम मी पुरं केल्याचं आठवत नाही. दोनदा सोडून पुन्हा बांधली.

सोबत पत्र. खाली सही: एक हितचिंतक वाचक. पत्र टाइप केलं. पाकिटावरचा पत्ता डाव्या हाताने लिहिला. समितीचे अध्यक्ष आमचे कुलसचिव आहेत, त्यांच्या टपालपेटीत टाकलं. टाकताना शेजारून शिपाई गेला तेव्हा मी पेटीवरची धूळ पुसत असल्यासारखं केलं.

आता फक्त वाट बघायची. आकडा मात्र रोज बघतो. हाताला सवय झाली आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

समिती सोमवारी. भांडाराची आकडेवारी सादर करायला मलाच बोलावलंय. देव माझ्या बाजूने आहे.

भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. दोनशे अकरा चुकांचा प्रबंध एकोणीसशे वेळा जगासमोर उघडा पडला, असं म्हणून थांबायचं. पाणी प्यायचं. बायको म्हणाली, चुका दोनशे अकरा हे तुम्हाला कसं माहीत, असं विचारलं तर? मी यावर विचार केलेला नव्हता. चुकांचा भाग कापला. नुसतं पाणी प्यायचं.

शिवाय खुर्चीचा डावा हात पुन्हा सुटला असेल तर मंगळवारी फेविकॉल न्यायचा.

९ डिसेंबर, सोमवार

जसं घडलं तसं लिहितो.

सभागृहात कुलसचिव, दोन प्राध्यापक, बाई, सिस्टिमवाला आणि मी. मी आकडा सांगितला. एक हजार नऊशे चार. थांबलो. पाणी प्यायलो.

कुलसचिव म्हणाले, वा. एक प्राध्यापक म्हणाले, इतका वाचला गेलेला प्रबंध या विद्यापीठात दुसरा नसेल, आता आणखी काय चर्चा करायची, कायम करा. दुसऱ्यांनी मान हलवली. इतक्या महिन्यांत हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं की मोठा आकडा लोकांना चांगला वाटू शकतो.

इथवर निभावलं असतं. पण बाई उठल्या. म्हणाल्या, हा आकडा माझ्या नावावर धरू नका. प्रबंधाला कुणी इतकं वाचत नाही, कुठेतरी गडबड आहे. मी सिस्टिममधून नोंदी काढायला सांगितल्या आहेत. अहवाल अजून मीही पाहिला नाही. आधी तो ऐका आणि मग माझं ठरवा.

सिस्टिमवाल्याने कागद काढला. तेहेतीस वेळा बाहेरून उघडलाय म्हणाला. त्यातले बारा एकाच फोनवरून. बाई म्हणाल्या, ती माझी आई, ती नुसतं नाव बघायला उघडते. सगळे हसले. मीही हसलो. मग तो म्हणाला, उरलेले एक हजार आठशे एक्काहत्तर आपल्याच इमारतीतल्या एका मशीनवरून. कुठल्या, असं कुलसचिवांनी विचारलं. तो म्हणाला, तळमजला, पुस्तकं परत घेण्याची खिडकी.

मला पुन्हा पाणी प्यावंसं वाटलं. ग्लास रिकामा होता.

कुलसचिव म्हणाले, अच्छा, म्हणजे ही कार्डंही तुमचीच. आणि त्यांनी माझा गठ्ठा टेबलावर ठेवला. मी म्हणालो, कसली कार्डं? त्यांनी वरचं कार्ड माझ्यापुढे धरलं. डाव्या कोपऱ्यात खाली, बारीक अक्षरात, माझी आद्याक्षरं. ग्रंथालयात ज्याने कार्ड केलं त्याने कोपऱ्यात आद्याक्षरं टाकायची असतात, चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. एकतीस वर्षं टाकतोय. दोनशे अकरा कार्डांवर दोनशे अकरा वेळा टाकली होती. एकही सुटली नव्हती.

मग बाईंनी गठ्ठा ओढून घेतला. दोरा सोडला. एकेक कार्ड बघू लागल्या. घड्याळाच्या काट्याकडे बघत मी तो वेळ काढला. साडेअकरा मिनिटं. शेवटी म्हणाल्या, सगळ्या चुका खऱ्या आहेत. माझ्या मार्गदर्शकांनीही इतकं बारीक वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुणीच वाचलं नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, सर, हे शुद्धिपत्र म्हणून प्रबंधासोबत खुलं करू या. तुमच्या नावाने.

त्यांना सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला अजून सांगता येत नाही. बहुतेक सगळं कळलं होतं.

बाई कायम. सर्वानुमते. आपल्याच आकड्याची चौकशी लावणारा ग्रंथपाल या विद्यापीठाला हवा आहे, असं इतिवृत्तात लिहिलंय. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी बायकोला म्हणालो, बरं वाटत नाही. ती म्हणाली, रक्त तपासायचं का? ऑफिसला गेलो.

फार लाज वाटतेय. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

शुद्धिपत्राला लेखकाचं संमतीपत्र लागतं. फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये. एकतीस वर्षांत शेकडो लोकांकडून भरून घेतला असेल. आज लेखक या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पेन दोनदा अडखळलं.

घरी सांगितलं. किती पानांचं आहे, बायकोने विचारलं. चौदा म्हणालो. ती म्हणाली, बरीच आहेत की. खोचून म्हणाली नाही. लेकीचा मेसेज आला, बाबा लेखक झाला. मेसेज ठेवलाय.

नीट विचार केला तर मोहीम अगदीच फसली नाही. बाईंच्या प्रबंधाला माझं नाव आता कायमचं चिकटलं. तो जिथे जाईल तिथे त्याच्या चुका माझ्या नावाने मागोमाग जाणार. इतका दूरगामी सूड कुणी घेतला नसेल.

१३ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी १०:१५

शुद्धिपत्र भांडारात चढलं. शीर्षक, खाली माझं पूर्ण नाव, खाली आकडा. शून्य.

दुपारी ४:००

सात वेळा उघडलं. आकडा शून्य.

सिस्टिमवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, सोमवारच्या प्रकारानंतर आपल्या इमारतीतली सगळी मशीन मोजणीतून काढली, बाईंनी सांगितलं होतं. चांगलं केलंत म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

१६ डिसेंबर, सोमवार

शून्य. बायकोला शनिवारी सांगितलं होतं, फोनवर एकदा उघड म्हणून. ती म्हणाली, उघडणार होते हो, पण आधी काय वाचावं लागेल तेच कळेना, चुका आधी की प्रबंध आधी. लेकीला सांगणं बरं दिसत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

शून्य. वर खिडकीजवळची जागा अजून रिकामी आहे का, ते विचारायचं आहे. आज विचारलं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार, सकाळी ९:१०

एक.

पान परत उघडून पाहिलं. एकच. जगात कुठेतरी, बाहेरच्या कुठल्या तरी मशीनवर, एका माणसाने माझं लेखन उघडलं. कदाचित परदेशात. लेबलच्या इतिहासाचा लेख आता या वाचकासाठी पुरा करायलाच हवा. आज संध्याकाळपासून सुरू.

सकाळी ११:३०

बाई खाली आल्या होत्या. म्हणाल्या, सर, काल घरी बसून तुमचं शुद्धिपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सुंदर काम आहे. फक्त क्रमांक ८८ मध्ये पान १२६ म्हटलंय, ते १२८ असायला हवं का, एकदा बघाल?

मी म्हणालो, शक्यच नाही. त्या म्हणाल्या, नसेलही, माझंच चुकत असेल. आणि वर गेल्या.

प्रबंध काढला. पान १२६ पाहिलं. पान १२८ पाहिलं. मग कार्ड.

माझंच चुकलंय. दुरुस्तीला मुख्य ग्रंथपालांची परवानगी लागते. अर्ज लिहायला घेतला आहे.